जुन्या डच गावांच्या फोटोतला चर्चचा मनोरा नीट कसा वाचायचा

२७ एप्रिलला, म्हणजे राजाच्या वाढदिवसाला, इथे नेदरलँड्समध्ये अख्खा देश घरातली अडगळ रस्त्यावर चादर टाकून विकायला बसतो. मी आइंडहोवनला राहायला आले त्या पहिल्याच वर्षी एका आज्जींकडून जुन्या पोस्टकार्डांचा रबरबँड लावलेला गठ्ठा पाच युरोला घेतला. घरी येऊन चहा घेत घेत एकेक बघितलं तर जवळजवळ प्रत्येक कार्डात तेच, सपाट जमीन, खाली थोडी घरं, एखादा कालवा, आणि मधोमध चर्चचा मनोरा. लोक आहेत पण मुंगीएवढे, आकाश मात्र पाऊण कार्डभर.

आपल्याला हे बघून लगेच पंढरपूर आठवतं, कळस दिसला की लांबूनच हात जोडायचे वगैरे. मीही सुरुवातीला प्रत्येक मनोऱ्याखाली "श्रद्धेचं प्रतीक" असंच लिहीत होते. पण मग एकेक कार्ड खोलात बघत गेले आणि कळलं की अहो हा मनोरा कुठे देवाचा आहे, कुठे नगरपालिकेचा, कुठे नाविकांचा, कुठे नुसता फोटोग्राफरचा. म्हणून हा लेख. तुमच्याकडे असं एखादं कार्ड असेल, किंवा ऑनलाइन संग्रहातले फोटो बघत असाल, तर मी ज्या क्रमाने बघते तो क्रम देतेय. प्रतीक शेवटी, आधी वीट आणि दगड.

आधी हे ठरवा की हातात फोटो आहे की छपाई

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, सोनार लावतात तसलं, दहा-बारा युरोला मिळतं. आकाश आणि मनोऱ्याची कड जिथे भेटते तिथे लावा. सारख्या अंतरावर ठिपक्यांची जाळी दिसली तर ते वर्तमानपत्रासारखं छापलेलं कार्ड. ठिपके नाहीत पण बारीक सुरकुतल्यासारखे वेडेवाकडे दाणे आहेत तर ती जुनी काचेवरून केलेली छपाई, तिला इथे लिख्टड्रुक म्हणतात. आणि काहीच जाळी नाही, काळ्यातून पांढऱ्यात सगळं गुळगुळीत उतरतंय, तर तो खरा फोटो.

हे मी का सांगतेय, तर एका बाजारात एका विक्रेत्याने मला "ओरिजिनल फोटो, शंभर वर्षं जुना" सांगून पंधरा युरो घेतले आणि घरी भिंग लावलं तर ठिपकेच ठिपके, वर मागची बाजू नव्या पुठ्ठ्यासारखी पांढरीशुभ्र. तेव्हापासून भिंग पर्समध्येच असतं.

मग कार्ड उलटं करा. मागच्या बाजूला मधे रेघ आहे का? नेदरलँड्समध्ये पत्त्याच्या बाजूला मजकूर लिहायची मुभा १९०५ पासून मिळाली, त्याआधी मागची पूर्ण बाजू फक्त पत्त्याला, आणि ख्यालीखुशाली पुढे चित्राच्या कडेला कोंबायची. तेव्हा मनोऱ्याच्या बाजूच्या आकाशात शाईने गिचमिड केलेली असेल आणि मागे रेघ नसेल तर कार्ड बहुधा १९०५ च्या आधीचं. जुना साठा नंतरही वापरला जायचा, तेवढी सूट ठेवा. पोस्टाचा शिक्का वाचता आला तर उत्तमच, पण शिक्का कार्ड कधी पाठवलं ते सांगतो, फोटो कधी काढला ते नाही.

मग दिशा काढा, ही सगळ्यात मजेची पायरी

मध्ययुगीन चर्च साधारणपणे पूर्वेकडे तोंड करून बांधलेली असतात, म्हणजे वेदीचा भाग पूर्वेला आणि मनोरा पश्चिमेला. एवढं एक कळलं की फोटोतून होकायंत्र मिळतं. मनोरा डाव्या हाताला आणि चर्चची लांब पाठ उजवीकडे पसरलेली असेल तर फोटोग्राफर दक्षिणेला उभा राहून उत्तरेकडे बघतोय. मनोरा उजवीकडे असेल तर तो उत्तरेला उभा आहे, आणि मग समोरची भिंत सावलीत असायला हवी. ती उन्हात लखलखत असेल तर थांबा. एकतर फोटो उन्हाळ्यातला अगदी सकाळचा किंवा संध्याकाळचा आहे, किंवा चर्च १९व्या शतकातलं आहे कारण तेव्हा रस्त्याच्या सोयीनेही बांधायचे, किंवा फोटोच उलटा आहे.

उलटा म्हणजे आरशासारखा. काचेची निगेटिव्ह चुकीच्या बाजूने स्कॅन झाली की डावं उजवं बदलतं, आणि संग्रहांमध्ये हे होतं. तपासायची जागा म्हणजे मनोऱ्यावरचं घड्याळ. झूम करा, रोमन आकडे बघा, तीन वाजायच्या जागी नऊ आहे का. घड्याळ नसेल तर दुकानाची पाटी, नाहीतर मग पुरुषांच्या कोटाची बटणं.

घड्याळ दिसतंय म्हणून लगेच वेळ लिहून मोकळे होऊ नका. १ मे १९०९ ला इथे कायद्याने देशभर ॲमस्टरडॅमची वेळ लागू झाली, ग्रीनिचच्या साधारण वीस मिनिटं पुढे, त्याआधी गावोगावची वेळ वेगळी असू शकायची. आणि मे १९४० मध्ये जर्मन आले आणि घड्याळं जर्मन वेळेवर नेली. त्यामुळे सावली आणि काटे यांचं तासभर जमत नसेल तर फोटो खोटा नाही, कदाचित १९४० नंतरचा आहे. कदाचित घड्याळ बंदही असेल, गावातली घड्याळं सगळीकडे सारखीच.

टोकावर काय बसलंय

आता झूम करा अगदी वर. इथे कोण कुठल्या पंथाचं ते कळायला सुरुवात होते. नुसता कोंबडा असेल तर बहुतेक वेळा प्रोटेस्टंट चर्च, क्रूस आणि त्यावर कोंबडा असेल तर बहुतेक कॅथलिक, हंस असेल तर लुथरन. ॲमस्टरडॅमच्या गोल लुथरन चर्चवर हंस आहे तो बघण्यासारखा आहे. कोंबडा पहाटे जागं करतो, आणि बायबलमध्ये कोंबडा आरवायच्या आत पीटर येशूला तीनदा नाकारतो त्याचीही आठवण, आणि शिवाय वारा कुठून येतोय ते दाखवतो, शेतकऱ्याला तिसरंच जास्त कामाचं. ग्रोनिंगेनच्या मार्टिनी मनोऱ्यावर तर घोडा आहे, संत मार्टिनचा. नियम म्हणून नका धरू, अंदाज म्हणून धरा.

गावात दोन मनोरे दिसत असतील तर खूश व्हा, कारण आता गोष्ट मिळाली. १६व्या शतकाच्या शेवटी उत्तरेकडची जुनी चर्च प्रोटेस्टंटांकडे गेली, कॅथलिकांना उघड उपासना बंद, ते कोठारात नाहीतर घराच्या मागच्या भागात प्रार्थना करायचे, अशा लपलेल्या चर्चना मनोरा असणं शक्यच नव्हतं. मग १८४८ च्या राज्यघटनेने धर्मस्वातंत्र्य पक्कं केलं, १८५३ मध्ये कॅथलिक बिशप परत नेमले गेले, आणि पुढच्या काही दशकांत विटांच्या टोकदार निओ-गॉथिक चर्चचा पाऊस पडला. यातलं मोठं नाव म्हणजे प्येर काउपर्स, रूरमोंडचे, ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम आणि सेंट्रल स्टेशन यांचेच. तेव्हा फोटोत एक जाडजूड, चौकोनी, थोडा थकलेला मनोरा आणि थोड्या अंतरावर एक सडपातळ, टोकदार, नवाकोरा मनोरा असेल, तर दुसरा बहुधा "आम्ही अजून इथेच आहोत" असं अडीचशे वर्षांनी मोठ्याने म्हणतोय. माझ्या मते या फोटोंमधलं सगळ्यात ठळक धार्मिक विधान हेच.

मनोरा कोणाचा हे विचारा

हे मला कळलं तेव्हा मी दोनदा वाचलं. १७९८ च्या राज्यघटनेने चर्चचे मनोरे, घंटा आणि घंटाघरासकट, गावाच्या मुलकी प्रशासनाची मालमत्ता ठरवले. चर्चची इमारत तिथल्या भाविकांची, मनोरा पालिकेचा. आजही कित्येक गावांत तसंच आहे, भिंत एकच पण मालक दोन. कारण सरळ आहे, घंटा फक्त प्रार्थनेला नव्हती, आग लागली, पाणी चढलं, कोणी गेलं, सगळ्याला तीच, आणि घड्याळ तर सगळ्या गावाचंच.

त्यामुळे फोटो बघताना स्वतःला विचारा की हा मनोरा त्या क्षणी काय काम करतोय. झीलंडमध्ये वेस्टकॅपेलेचा जुना चर्च मनोरा १८१८ पासून दीपगृह आहे, चर्च १८३१ मध्ये जळालं, मनोरा दिवा घेऊन उभाच. स्खाऊवेनच्या किनाऱ्यावर प्लोंपे टोरेन नावाचा एकटा मनोरा आहे, त्याचं कौडकेर्के नावाचं गाव समुद्रापुढे सोडून द्यावं लागलं, मनोरा मात्र खलाशांना खूण म्हणून राहू दिला. आणि देशाच्या नकाशाची मोजणी ज्या बिंदूवर बेतली तो आमर्सफोर्टच्या चर्चचा मनोरा, ज्याचं चर्च १७८७ मध्ये दारूगोळ्याच्या स्फोटात गेलं. सपाट देशात उंच फक्त मनोराच, मग देवाला, सर्व्हेवाल्याला आणि होडीवाल्याला तोच.

घंटांचं एक वेगळं सांगते. १९४२-४३ मध्ये जर्मनांनी धातूसाठी हजारो घंटा उतरवून नेल्या. मनोऱ्याच्या पायथ्याशी जमिनीवर घंटा आणि तिच्याभोवती गंभीर चेहऱ्याने उभं गाव असा फोटो मिळाला तर तो या काळातला असू शकतो. नाहीतर परत आलेल्या किंवा नव्या घंटेच्या स्वागताचा, तेव्हा चेहरे आणि फुलं बघा. आपल्याकडे नाशिकच्या नारोशंकराची घंटा पोर्तुगीज चर्चमधून आलेली, त्यामुळे घंटा लढाईत हातोहात फिरतात हे आपल्याला नवीन नाही, फक्त तिथे ती परत वाजायला लागली, इथे बऱ्याचशा वितळल्या.

आकाश इतकं पांढरं का

हा भाग जरा टेक्निकल आहे पण सोडू नका, कारण "काय आध्यात्मिक वातावरण आहे" असं जे आपल्याला वाटतं ना, त्यातलं निम्मं इथून येतं.

तेव्हा फिल्मऐवजी वापरायच्या त्या काचेच्या प्लेटवर निळा रंग फार जोरात उमटायचा आणि लाल जवळजवळ दिसायचाच नाही. निळं आकाश भसकन पांढरं व्हायचं, ढगबिग सगळे गायब. लाल विटांचा मनोरा उलट काळपट यायचा. म्हणजे साध्या दुपारी, पोरं खेळतायत, कोणीतरी गाडी ढकलतोय, अशा वेळी काढलेल्या फोटोतही मनोरा कोऱ्या प्रकाशात काळा उभा दिसतो, जसं काही आकाश त्याच्यासाठी रिकामं केलंय. तो चमत्कार रसायनाचा आहे. कधी कधी फोटोग्राफरला ते रिकामं आकाश आवडायचं नाही, मग दुसऱ्या निगेटिव्हवरचे ढग वर छापायचे, त्यामुळे ढगांवरची उन्हाची बाजू आणि मनोऱ्यावरची उन्हाची बाजू जुळते का ते बघा. माझ्या गठ्ठ्यात एक आहे, ढगांवर ऊन डावीकडून, मनोऱ्यावर उजवीकडून. दोन सूर्य!

दुसरी गोष्ट सरळपणा. मोबाइलने उंच मनोऱ्याचा फोटो काढा, वर निमुळता होत मागे पडल्यासारखा दिसतो. त्या काळच्या लाकडी कॅमेऱ्यात लेन्स वर सरकवता यायची, कॅमेरा न वाकवता, त्यामुळे मनोरा ओळंब्यात सरळ. त्यातूनही तिरका दिसला तर तो खरंच तिरका असेल, ग्रोनिंगेनमधल्या बेडुमचा आहे तसा, मऊ जमिनीत कललेले मनोरे इथे बरेच. फ्रेममध्ये कललेला मनोरा दिसला की आधी शेजारच्या घराच्या कडा तपासा, त्याही तेवढ्याच कलल्या असतील तर दोष कॅमेऱ्याचा.

आणि लांब वेळ उघडी राहणारी लेन्स. माणसं हलली की धूसर, जोरात चालली की गायबच, मनोरा काही हलत नाही. टिकणारं एकच आणि बाकी सगळं धुकं, हा अर्थ आपण नंतर काढतो, पण मुळात शटर हळू होतं एवढंच.

तिसरं, चौकट. खाली पट्टीएवढी जमीन, वर प्रचंड आकाश, क्षितिज भेदणारा एकच उभा मनोरा, हे फोटोग्राफर आकाशातून शिकले नाहीत, १७व्या शतकातल्या चित्रकारांची सवय त्यांच्या डोळ्यात होती. याकोब फान रॉइसडालची हार्लेम शहराची दृश्यं एकदा बघा, दोन तृतीयांश ढग आणि लांबवर सेंट बाव्होचं चर्च. नंतर कुठलंही १९१० चं पोस्टकार्ड शेजारी ठेवा.

आता, आणि आताच, प्रतीकाकडे या

मला इथे नुएननचं उदाहरण फार आवडतं, माझ्या घरापासून सायकलने जाता येतं म्हणूनही असेल. शेतात एकटा, जाडजूड, जुना मनोरा, चर्चचा बाकी भाग आधीच गेलेला, भोवती शेतकऱ्यांचं कबरस्तान. चित्रकार व्हिन्सेंट फान गॉखचे (आपला व्हॅन गॉग) वडील या कॅथलिक गावात प्रोटेस्टंट पाळक होते, त्यांचं स्वतःचं चर्च छोटंसं, अष्टकोनी, १८२४ चं. मार्च १८८५ मध्ये वडील गेले आणि याच मनोऱ्याजवळ पुरले गेले. त्याच वर्षी मनोरा पाडायला घेतला, वरचं टोक आधी उतरवलं, लाकूडफाट्याचा लिलाव झाला, त्याचंही चित्र व्हिन्सेंटने काढलं. आणि मग टोक नसलेल्या मनोऱ्याचं ते चित्र, वर कावळे, खाली साधे लाकडी क्रूस. भावाला पत्रात त्याने जे लिहिलं त्याचा मथितार्थ असा की धर्म आणि श्रद्धा कितीही भक्कम पायावर असल्या तरी ढासळतात, पण शेतकऱ्यांचं जगणं आणि मरणं तसंच चालू राहतं, कबरींवरच्या गवतासारखं उगवतं आणि सुकतं.

बघा म्हणजे. मनोरा इथे श्रद्धा टिकल्याचं प्रतीक नाही, ढासळल्याचं आहे. आणि तरी चित्र आध्यात्मिक आहे. "मनोरा म्हणजे स्वर्गाकडे बोट" एवढं लिहून थांबलो असतो तर हे हातातून गेलंच असतं.

याच्या बरोबर उलटं डोंबुर्ग. झीलंडमधल्या या समुद्रकाठच्या गावाचा चर्च मनोरा पिएट मोंद्रियानने पुन्हा पुन्हा रंगवला, १९११ चं चित्र तर गुलाबी-निळं, मनोरा वर वर निघालाय, फ्रेममध्ये मावत नाही. मोंद्रियान १९०९ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीचा सभासद झालेला, तीच संस्था जिचं मुख्यालय मद्रासजवळ अड्यारला होतं, त्यामुळे उभी रेघ म्हणजे आत्म्याचं वर जाणं वगैरे विचार त्याच्या डोक्यात होतेच. आता डोंबुर्गच्या त्याच मनोऱ्याचा त्या काळातला साधा फोटो शोधा. ठेंगणा, विटांचा, झाडांमधून डोकावणारा गावचा मनोरा, बस. हा अभ्यास एकदा कराच, चित्र आणि फोटो शेजारी ठेवून, फोटोत काय आहे आणि आपण काय घालतो ते एका मिनिटात कळतं.

माझी पद्धत अशी की कागदावर दोन ओळी वेगळ्या लिहायच्या. एकीत फक्त दिसतंय ते: "मनोरा डावीकडे, कोंबडा, क्रूस नाही, घड्याळात सव्वादोन, दारात तीन बायका, एक धूसर पोरगा." दुसरीत अर्थ, आणि प्रत्येक अर्थापुढे तो पहिल्या ओळीतल्या कशावरून काढला ते. ज्या अर्थाला पहिल्या ओळीत आधार सापडत नाही तो खोडा, कितीही सुंदर असू दे. माझे निम्मे खोडले जातात.

गाव शोधायचं कसं

मथळा फाटलेला असेल तर छताचा आकार बघा. मनोऱ्यावर टोकदार शिखराऐवजी साध्या घरासारखं दोन उतारांचं छप्पर असेल, तर आधी फ्रीसलँड आणि ग्रोनिंगेन शोधा. मनोराच नाही, कबरस्तानात लाकडी चौकटीत टांगलेली घंटा आहे, तरी बहुधा फ्रीसलँडच. लिंबुर्गमधल्या मास नदीकाठचा मनोरा आज जुळत नसेल तर वैतागू नका, १९४४ च्या शरद ऋतूत माघार घेताना जर्मनांनी तिथले बरेच मनोरे उडवले. फ्रीसलँडमधल्या योरवर्डचा मनोरा १९५१ मध्ये कोसळला आणि पुन्हा बांधला.

ऑनलाइन तीन ठिकाणं पुरतात. राष्ट्रीय वारसा खात्याची फोटोबँक, तिथे "केर्कटोरेन" आणि "डॉर्पसगेझिख्त" म्हणजे गावाचं दृश्य हे शब्द डच स्पेलिंगने टाकायचे. "टोपोटाइडरेइस" ही भूमापन खात्याची साइट, स्लायडर सरकवला की त्याच जागेचा १८१५ पासूनचा नकाशा, यात रस्त्याचं वळण आणि कालवा जुळवायचा. आणि "डेल्फर", जुनी वर्तमानपत्रं, मनोऱ्यावर वीज पडली, नवं टोक बसवलं, सगळ्या बातम्या तिथे.

माझ्या गठ्ठ्यातलं एक कार्ड असंच मथळा नसलेलं. दोन उतारांच्या छपराचा मनोरा, पण खाली जमीन विचित्र, चर्च एका उंचवट्यावर आणि उंचवट्याची कड सुरीने केक कापल्यासारखी सरळ खाली. मला वाटलं खाण असेल. ते निघालं फ्रीसलँडमधलं हेगेबाइंटम, देशातली सगळ्यात उंच टेर्प, समुद्रसपाटीपासून पावणेनऊ मीटर. टेर्प म्हणजे बांध नव्हते तेव्हा पुरापासून वाचायला लोकांनी शेण, माती, गवत टाकत टाकत रचलेला टेकाड, ख्रिश्चन धर्म इथे यायच्याही कितीतरी आधीपासून. शेकडो वर्षांच्या त्या शेणामुळे माती इतकी सुपीक की १९व्या शतकात लोकांनी ती खणून होड्यांनी खताला विकायला सुरुवात केली. गावाने स्वतःच्या पायाखालची जमीन विकली म्हणा ना. फक्त चर्च आणि कबरींपाशी येऊन फावडी थांबली.

मागच्या मे महिन्यात लेउवार्डनला ट्रेनने गेले आणि पुढे तिकडे. कार्ड हातात धरून कडेशी उभी राहिले. खाली मेंढ्या, वर मनोरा, आणि कार्डात जिथे उघडी माती दिसते तिथे आता गवत आहे.